आंबागडवालीचा गुडघा

आंबागडात भावनाचा विषय निघाला की लोक आधी तिच्या पायांची तारीफ करत आणि लगेच तिच्या तोंडाला नावं ठेवत. दोन्ही खरं होतं. गावच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या शाळेत ती कबड्डी खेळायला लागली आणि दहावी होईपर्यंत तुमसर तालुक्यात तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी उरली नाही. मध्यरेषा ओलांडली की ती सरळ जात नसे. उजवा पाय जमिनीत रोवून अंग असं फिरवी की पकडायला आलेली मुलगी रिकाम्या जागेवर आपटे. मग परत येता येता त्या पडलेल्या मुलीला काहीतरी टोचून बोले. पंचांनी ताकीद दिली तरी बोले.

तिचा बाप मंगरू जंगलात लाकूडतोडीला जाई आणि पावसाळ्यात दोन बांध्यांत धान लावी. पोरीच्या तोंडाची तक्रार घेऊन कोणी दारात आलं तर तो मान खाली घालून ऐकून घेई. आई शकुनबाई मात्र आलेल्या माणसालाच सुनवी. पोरगी कोणावर गेली होती, ते सांगायची गरज नव्हती.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि खेळ, रात्री नाटक. त्या वर्षी चिखला गावच्या मंडईत मुलींच्या कबड्डीचे सामने ठेवले होते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहा वर्षं झाली होती. जिल्हा निम्मा झाल्यामुळे भंडाऱ्याच्या संघात जागा मिळण्याची आशा पोरींना वाटू लागली होती, आणि निवड करणारे लोक या सामन्यांना येऊन बसत. अंतिम सामना आंबागड आणि चिखला यांच्यात लागला.

चिखल्याच्या संघात डाव्या कोपऱ्यावर यशोधरा होती. हाडापेरानं दणकट, बोलायला कमी. तिचा बाप दादाजी मँगनीजच्या खाणीत भुयारात काम करायचा. त्याच वर्षी तो वारला होता. आई बायजाबाई, यशोधरा आणि धाकटा भाऊ अतुल, एवढंच घर. घोटा पकडण्यात यशोधराचा हात कोणी धरू शकत नसे. आदल्या वर्षी मोहाडीच्या सामन्यात भावना तिच्या हातून निसटली होती आणि जाता जाता तिला म्हैस म्हणाली होती. यशोधरा तेव्हा काही बोलली नाही. पण ती ते विसरली नव्हती, हे मैदानावर उभ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटची काही मिनिटं उरली असताना भावना चढाईला गेली. यशोधरा घोट्यासाठी खाली झेपावली. भावनानं नेहमीसारखा उजवा पाय रोवला आणि अंग फिरवलं. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. जवळ उभ्या असलेल्यांनीही तो ऐकला. भावना खाली पडली, गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि यशोधराकडे बोट करून ओरडली, "हिनं मुद्दाम मुरगळला."

मधे सगळी धूळच होती. यशोधराचा हात तिच्या पायाला लागला होता की नव्हता, हे पंचांनाही सांगता येईना. पण पडलेली पोरगी रडत होती आणि आदल्या वर्षीची म्हैस सगळ्यांना आठवत होती. आंबागडची पोरं मैदानात घुसली, चिखल्याची त्यांच्या अंगावर गेली, दोघांचे कपडे फाटले, एकाचं डोकं फुटलं. सामने भरवणाऱ्या समितीनं भांडण मिटवायला यशोधरालाच हंगामभर बाहेर काढलं. निवड त्याच हंगामात होती. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली आणि यशोधरा पुन्हा कधी जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचली नाही.

इकडे भावनाचा गुडघा फुगून भोपळ्याएवढा झाला. मंगरूनं तिला सायकलवर बसवून मालिश करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. त्यानं तेल चोळलं, पाला बांधला आणि लचक भरली आहे म्हणून सांगितलं. महिन्याभरात सूज उतरली. भावना चालायला लागली, आणि घरच्यांनी ठरवून टाकलं की पाय बरा झाला.

पाय बरा झाला नव्हता. सरळ रस्त्यानं ती ठणठणीत चाले. पण जरा वळायला गेली, उतारावर पाऊल तिरकं पडलं, की गुडघ्यातलं काहीतरी जागचं सरके. वरचं हाड एकीकडे आणि खालचं दुसरीकडे जातं आहे, असं तिला वाटे, आणि ती धाडकन पडे. मैदानावर एकदा ती आसपास कोणी नसताना पडली. विहिरीवर पडली. शेताच्या धुऱ्यावरून चालताना भाताच्या बांधीत पडली. तुमसरला जाऊन फोटो काढला तर हाडं जागेवर निघाली. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मग गावात बोलणं सुरू झालं की पोरीला काम नको असतं तेव्हा तिचा गुडघा दुखतो. खुद्द मंगरूही एकदा चिडून हेच बोलला. त्या दिवसापासून भावनानं पडल्यावर हात द्यायला आलेल्या कोणाचाही हात धरला नाही. आणि पाय कोणी मोडला, हे मात्र ती भेटेल त्याला सांगत राहिली. बाजारात, लग्नात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायांत. ती गोष्ट फिरत फिरत यशोधराला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांपर्यंत पोचली. दोन स्थळं तिथूनच परत गेली. पाय मोडणारी पोरगी घरात कोण आणेल?

आता यात अतुल कसा आला, ते सांगायला हवं. समितीनं यशोधराला काढलं तेव्हा बायजाबाईनं त्याला आंबागडला पाठवलं होतं, तक्रार मागे घ्या म्हणून सांगायला. भावना ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिनं त्याला तोंडात येईल ते ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला, शकुनबाईनं दिलेला चहा प्याला आणि निघून गेला. आठवड्यानं पुन्हा आला. या वेळी तक्रारीचं नावही काढलं नाही. गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं. तिसऱ्यांदा मंगरूनं त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. पुढे काही वर्षांनी अतुल एका ठेकेदाराच्या टिप्परवर चालक झाला. तो आंबागडच्या फाट्यावर गाडी थांबवायला लागला. भावनाला पहिल्यांदा कोणीतरी तिचा गुडघा खोटा न मानणारं भेटलं होतं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत चूल पेटली नाही. शेवटी विहारात लग्न लागलं. पांढऱ्या साडीत भावना उभी होती आणि भिंतीला टेकून यशोधरा. पंचशील म्हणताना सगळ्यांचे ओठ हलत होते, यशोधराचे हलले नाहीत.

चिखल्याच्या त्या घरात भावना आली ती अशी.

यशोधरा तिला नावानं हाक मारत नसे. "आंबागडवालीले सांग, पानी भरायचं हाय," असं ती आईला सांगे, आणि भावना तिथेच, हातभर अंतरावर उभी असे. भावनाही यशोधराला ताई म्हणत नसे. बायजाबाईनं तिला त्यावरून टोकलं, तर भावना म्हणाली की ताई म्हणायला जीभ वळत नाही. एकीनं झाडलेलं अंगण दुसरी पुन्हा झाडी. एकीनं घातलेलं मीठ दुसरीला जास्त लागे. अतुल गाडीवर असे आणि घरी आला की दोन्हीकडचं ऐकून घेई. त्याला दोघींच्या मधे पडायची भीती वाटे. खरं सांगायचं तर त्या घरात कोणालाच कोणाबद्दल बरं वाटत नव्हतं.

आषाढात रोवणी सुरू झाली. धानाच्या रोपांच्या पेंढ्या हातात घेऊन बाया गुडघाभर चिखलात वाकून मागे मागे सरकत होत्या. भावना त्या ओळीत होती. तिला नाही म्हणता आलं असतं. पण लंगडी सून म्हणून यशोधरानं शेजारणींत नाव पाडलं होतं आणि ते खोटं पाडायला ती बांधीत उतरली होती. दुपारी कोणीतरी मागून नवी पेंढी फेकली. ती घ्यायला भावना वळली. अंग वळलं, चिखलात रुतलेला पाय वळला नाही. ती तोंडावर पडली. उठायला गेली तर गुडघा अर्धा वाकलेला तसाच अडकला. सरळ होईना, वाकेना. दारात पाचर ठोकावी तसं आत काहीतरी घट्ट बसलं होतं.

बाया गोळा झाल्या. यशोधरा धुऱ्यावरून चालत आली, तिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आता कोनाचा हात होता?"

कोणी हसलं नाही. भावनाच्या नाकातोंडात चिखल होता. तिनं मूठभर चिखल उचलून यशोधराच्या अंगावर मारला. यशोधरानं तो पुसला, पाठ फिरवून खाली बसली आणि तिला पाठीवर घेतलं, कारण अतुल टिप्परवर होता आणि एवढं ओझं उचलून घरापर्यंत नेईल असं तिथे दुसरं कोणी नव्हतं. रस्ताभर भावना तिच्या पाठीवरून तिला शिव्या देत होती. यशोधरा उत्तर देत नव्हती; फक्त जिथे रस्ता खडबडीत होता तिथे ती मुद्दाम जोरात पाय आपटत होती, असं भावना नंतर सांगायची.

तुमसरहून त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बायांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागे. बायजाबाईला नागपूरची भीती वाटायची, शकुनबाई तापानं पडली होती. राहिली यशोधरा. तुमसर रोड स्टेशनहून रेल्वेत दोघी समोरासमोर बसल्या आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या, एक या खिडकीतून, एक त्या.

तिथली हाडांची डॉक्टर तरुण होती आणि दमलेली होती. तिनं आधी भावनाचा चांगला पाय हातात घेतला. मांडी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून पाहिली. नडगी जरा हलली आणि टक्कन थांबली. मग दुखरा पाय घेतला. तिथे नडगी ओढली तशी पुढे येत गेली, थांबायचं नावच घेईना. भावनानं स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सिद्ध केलं होतं की ती नाटक करत नव्हती.

मोठ्या मशीनमधली तपासणी झाल्यावर डॉक्टरनं समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. पुढची दोरी तुटलेली होती, आणि ती आजची नाही, जुनी तुटलेली होती. हाडाच्या फोटोत ती दिसत नाही, म्हणून तुमसरला कळलं नाही. दोरी नसल्यामुळे गुडघा सारखा सरकत राहिला आणि त्यानं हाडांमधली गादी झिजवून फाडली. त्या गादीचा तुकडाच आता मधे अडकला होता. तुटलेली दोरी शिवून जुळत नाही. भावनाच्याच मांडीमागच्या स्नायूचा एक दोरा काढून त्याची नवी दोरी करायची आणि हाडाला भोकं पाडून ती तिथे बसवायची.

मग तिनं विचारलं की हे पहिल्यांदा कसं झालं.

"कबड्डीत. हिनं पाय धरून मुरगळला," भावना म्हणाली.

"माया हात पोचलाच नव्हता," यशोधरा म्हणाली. "हे आपल्या आपन फिरली."

डॉक्टरनं दोघींकडे पाहिलं. "पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं की ही दोरी तुटते," ती म्हणाली. "पुष्कळदा कोणी हातही लावलेला नसतो. धरल्यावरही तुटते. तुमच्या वेळी काय झालं ते गुडघा बघून मला सांगता येणार नाही. मी डॉक्टर आहे, कोर्ट नाही."

बाहेर येताच यशोधरा म्हणाली की ऐकलं ना, कोणी हात लावलेला नसतो. भावना म्हणाली की ऐकलं ना, धरल्यावर तुटते. त्या दिवशी त्यांचं एवढंच बोलणं झालं.

ऑपरेशन पोळ्याच्या तोंडावर झालं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. भावना जागी होती आणि तिला यंत्राची घरघर ऐकू येत होती. आपल्या हाडाला भोक पाडताहेत हे तिला कळत होतं आणि दुखत मात्र काही नव्हतं. दुखणं नंतर आलं. बधिरपणा उतरला तेव्हा तिनं चादर दातात धरली.

त्या वॉर्डात तिला सगळ्यात जास्त जे लागलं, ते दुखणं नव्हतं. बसल्या जागी लघवीचं भांडं यशोधराच्या हातून घ्यावं लागे. यशोधरा भांडं देताना तोंड वळवून घेई. भावनाला त्यात लाज राखणं दिसत नसे, किळस दिसे. शेजारच्या खाटांवरच्या बायांनी विचारलं, तुम्ही बहिणी का? तेव्हा यशोधरानं अख्ख्या वॉर्डाला सांगून टाकलं की ही माझ्या भावाची बायको, आणि हिचा पाय मी मोडला असं ही गावभर सांगते. वॉर्डात दोन तट पडले. कामठीची एक म्हातारी भावनाच्या बाजूनं होती आणि उरलेल्या यशोधराच्या, कारण भांडी तीच धूत होती.

घरी आल्यावर खुर्चीचं भांडण सुरू झालं. भावनाला काही महिने मांडी घालून बसायचं नव्हतं, उकिडवं बसायचं नव्हतं. आणि गावातल्या घरात सगळं काम जमिनीवरच असतं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, भांडी घासणं जमिनीवर. अतुलनं प्लास्टिकची एक खुर्ची आणली. सासू खाली बसून भाकऱ्या थापते आणि सून खुर्चीवर बसून कांदा चिरते, हे बायजाबाईला बघवेना. तिनं दारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं की आमच्या घरात आता राणीसाहेब आल्या आहेत. दुसरी खुर्ची मंगरूनं आंबागडहून आणली. तिला मधे गोल कापून त्यानं संडासात ठेवली, भावनाला बसता यावं म्हणून. जावयाच्या घरी येऊन त्यानं हे काम गुपचूप केलं आणि लेकीशी एक शब्द न बोलता परत गेला. ती नाटक करते असं तो एकदा बोलला होता, हे त्याच्या लक्षात होतं. भावनाच्याही होतं. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशन म्हणजे अर्धं काम. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, मांडीत ताकद आली पाहिजे, नाहीतर नवी दोरी असून नसल्यासारखी. टाचेखाली कापडाची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाय सरळ वर उचलून धरायचा. सुरुवातीला भावनाला ते इतकं दुखे की ती अर्ध्यावर सोडून देई. मग एक दिवस यशोधरा कुंपणापलीकडच्या बाईला सांगताना तिनं ऐकलं, की हा पाय आता जन्मभर वाकडाच राहणार. दुसऱ्या दिवसापासून भावना खाट ओढून अंगणात आली. यशोधरा जिथे भांडी घासायला बसे, बरोबर तिच्या समोर खाट टाकून तिनं पाय उचलायला सुरुवात केली. घाम गळे, दातांखाली ओठ फाटे, पण ती नजर यशोधरावरून हलवत नसे. चांगल्या बोलण्यानं ती उठली नसती. वैर तिला उठवत होतं.

थंडी पडली तोवर पाय सरळ झाला होता. ती काठीशिवाय चालत होती, जिना चढत होती. डॉक्टरनं बजावलं होतं की आता धोका जास्त आहे: पाय बरा झाल्यासारखा वाटतो, पण आतली नवी दोरी याच दिवसांत सगळ्यात कच्ची असते, पळायचं नाही, वळायचं तर मुळीच नाही. भावनाला हे पाठ होतं.

शाळेमागच्या मैदानावर पोरी कबड्डी खेळत होत्या. भावना संध्याकाळी तिथून येत होती. एक पोरगी चढाईला जाऊन सारखी तशीच पकडली जात होती. भावना थांबली. आधी तिनं बाहेरून ओरडून सांगितलं. मग चप्पल काढली, पदर खोचला आणि पाय कसा रोवायचा ते दाखवते म्हणत मैदानात उतरली. तिनं दम घेतला आणि धावायला पाऊल उचललं.

मागून कोणीतरी तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला उचलून रेषेबाहेर नेलं. जळणाची मोळी तिथेच टाकून यशोधरा धावत आली होती. भावना हातपाय झाडत होती. यशोधरानं तिला शाळेच्या भिंतीला टेकवून धरलं.

"आता धरलं मी तुले, मुद्दाम धरलं," ती म्हणाली. "जा, सांग साऱ्या गावाले."

"तुले कायची पडली माया पायाची?"

"तुया पायाची नाही पडली. हा पुन्हा तुटला तर लोक पुन्हा मायंच नाव घेतीन. मायी दोन स्थळं गेली. अजून किती घालवू?"

पोरी लांब उभ्या राहून बघत होत्या. भावनाला धाप लागली होती. राग तसाच होता. पण ती जे बोलली ते रागाचं नव्हतं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुया हात लागला होता का नाही, मले खरंच माहीत नाही. आवाज झाला आन मी पडली. तू समोर होती, म्हनून तुयं नाव घेतलं."

यशोधरानं तिला सोडलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "नव्हता लागला. पन मंग तू गावोगाव सांगत फिरली, तवा मले लय वेळा वाटलं, लागला असता तर बरं झालं असतं."

तिनं जाऊन मोळी उचलली आणि घरी गेली. भावना चपला घालून मागून हळूहळू गेली. अतुलला हे कितीतरी दिवसांनी पोरींच्या तोंडून कळलं. भावनानं माफी मागितली नाही, यशोधरानंही मागायला लावली नाही. दोघींचं पटायला लागलं, असंही झालं नाही. उलट भावनाला आता जास्त त्रास होऊ लागला. इतकी वर्षं तिच्या पडण्याला एक नाव होतं. ते नाव गेल्यावर राग कोणावर करायचा हे तिला कळेना, आणि तो ती घरातल्या सगळ्यांवर काढू लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी यशोधराला पाहायला पाहुणे आले. मुलाचं नाव खुशाल, तो तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. सोबत त्याचे मामा कृष्णराव आणि दोन बाया होत्या. पोहे झाले, चहा झाला. मग कृष्णरावांनी जरा अवघडत विषय काढला की कबड्डीत कोणाचा पाय मोडल्याची एक गोष्ट ऐकली होती. बायजाबाई रिकाम्या कपबशा गोळा करायला लागली. यशोधरा भिंतीकडे बघत बसली. तिला हा प्रश्न सवयीचा होता.

भावना आतल्या दारात खुर्चीवर बसली होती. ती उठून बाहेर आली.

"तो पाय माया होता," ती म्हणाली. "हिनं नाही मोडला. माया मीच फिरवला. मी खोटं नाव घेतलं होतं."

बायजाबाई सुनेकडे बघतच राहिली. भावना एवढ्यावर थांबली असती तर ती भावना कसली? तिनं पुढे सांगितलं, "स्वभावानं वाईट हाय हे. बोलत नाही, मनात ठेवते. पन पाय नाही मोडला."

खुशाल हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं होतं. यशोधरानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. पाहुणे गेल्यावर तिनं भावनाला विचारलं की स्वभावाचं सांगायची काय गरज होती. भावना म्हणाली की लोकांनी खरं विचारलं तर खरं सांगावं. त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. लग्न मात्र ठरलं.

यशोधरा तुमसरला गेली. भावनाच्या गुडघ्याला वर्ष होत आलं तेव्हा नागपूरच्या त्याच डॉक्टरनं नडगी ओढून पाहिली. ती जरा हलली आणि टक्कन थांबली, चांगल्या पायासारखी. खेळायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाली. भावना एकदा मैदानात उतरलीही. गुडघ्यानं साथ दिली, पण वळायची वेळ आली की तिच्या आतलं काहीतरी आधीच थांबे. दोन चढायांत ती बाद झाली. ती घरी आली आणि खेळायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. काही दिवस ती कोणाशी नीट बोलली नाही. अतुलनं समजूत काढायला पाहिली, तर त्यालाच ऐकावं लागलं.

पण पुढच्या आषाढात ती रोवणीच्या चिखलात उतरली आणि दिवसभर वाकून, सरकत, वळत राहिली. पाय रुतला, अंग वळलं, गुडघा जागेवर राहिला. संध्याकाळी धुऱ्यावर बसून तिनं पायाचा चिखल धुतला, गुडघ्यावरचे बारके व्रण बोटानं चाचपले. आनंद झाला का, असं नंतर कोणी विचारलं तर ती म्हणे की कंबर दुखत होती, आनंद कुठून व्हायला? आता ती बायांची टोळी घेऊन रोवणीला जाते. टोळीतल्या बाया तिला घाबरतात. कोणी पडलं, लचकलं तर ती मालिश करू देत नाही, आणि कोणी नाटक म्हटलं तर त्या म्हणणारीची खैर नसते.

यशोधरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झाल्यावर तिला शेकायला, न्हाऊ घालायला बायजाबाईचे हात चालत नव्हते. ते भावनाकडे आलं. भावनानं पाणी तापवलं, पाट मांडला आणि तिच्या अंगावर पहिला तांब्या ओतला.

"आंबागडवाली, पानी कडत हाय," यशोधरा म्हणाली.

"कडतच पाह्यजे."

"मी भाजून राहिली."

"मंग उठ अन थंड पान्यानं न्हाय. बाळाले कफ झाला तर मले सांगू नको."

बायजाबाई बाळाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. आत दोघींचे आवाज चढत चालले होते: पाण्यावरून, मग तेलावरून, मग बाळाचं नाव काय ठेवायचं त्यावरून. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग बाळाचं कुंचीतलं डोकं नीट करून तिनं अंगणातल्या कोंबड्यांना हाकललं.